अमेरिकेत स्टेट लेजिस्लेटर व्हायचंय? पहिल्या पायरीपासून शेवटच्या हिशोबापर्यंत सगळं

अमेरिकेचं राजकारण म्हटलं की आपल्या लोकांना व्हाइट हाउस दिसतं, फार तर वॉशिंग्टनची काँग्रेस. पण पोरांच्या शाळेला पैसे किती मिळणार, वीज कंपनीवर लक्ष कोण ठेवणार, बंदुकीचे नियम काय, गर्भपाताचा कायदा काय, मतदान टपालाने करता येणार की नाही, काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा कुठून जाणार, यातलं बहुतेक सगळं राज्याच्या राजधानीत ठरतं आणि ते ठरवणारे लोक ५० राज्यांत मिळून साधारण ७,४०० आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथले आमदार. कुठे त्यांना रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात, कुठे डेलिगेट, कुठे असेंब्लीमेंबर, आणि वरच्या सभागृहात असले तर सिनेटर.

हा लेख अशा मराठी माणसांसाठी आहे जी तिकडे स्थायिक झालीत, नागरिकत्व घेतलंय किंवा ज्यांची मुलं तिथेच जन्मली वाढली, आणि ज्यांच्या मनात कधीतरी येऊन गेलंय की आपण उभं राहायला काय हरकत आहे. हरकत काहीच नाही, आणि रस्ता नवीनही नाही. कुमार बर्वे १९९० साली मेरीलँडच्या हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये निवडून आले, राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेले ते पहिले भारतीय-अमेरिकन, आणि तिथे ३२ वर्षं टिकले. नागपूरच्या स्वाती दांडेकर २००२ साली आयोवात निवडून आल्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० मध्ये मिशिगनच्या हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, गेले आणि २०२३ पासून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये आहेत. तिघांचे रस्ते एकमेकांपेक्षा खूप वेगळे, म्हणून पुढे तिघांचीही उदाहरणं येत राहतील.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. या करिअरमध्ये लोक हरतात किंवा थकून सोडतात ते भाषण जमलं नाही म्हणून नाही, तर तीन गोष्टी आधी ठरवल्या नाहीत म्हणून. पोटापाण्याचं काय, कुठल्या जागेवरून उभं राहायचं, आणि प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, कशी जिंकायची. बाकी सगळं नंतर शिकता येतं.

आधी कागद तपासा

ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही, नागरिक असावं लागतं. जन्माने नागरिक असण्याची अट मात्र फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाला आहे, राज्याच्या विधिमंडळाला नाही, त्यामुळे शपथ घेऊन नागरिक झालेला माणूस निर्धास्तपणे उभा राहू शकतो. वयाची अट राज्यागणिक वेगळी आहे, कॅलिफोर्नियात १८ पुरतं, मिशिगनला २१ लागतं, आयोवात हाउसला २१ आणि सिनेटला २५, टेक्सासच्या सिनेटला तर २६. शिवाय राज्यात आणि त्या मतदारसंघात किती काळ राहिलात हेही बघतात, टेक्सासमध्ये मतदारसंघात वर्षभराचं वास्तव्य लागतं. म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर घर बदलत असाल तर थांबा आणि राज्याच्या निवडणूक कार्यालयाची वेबसाइट आधी वाचा.

अजून नागरिकत्व न मिळालेल्यांसाठी एक गोष्ट अगदी ठळकपणे लिहितो कारण यात माणसाचं आयुष्य अडकू शकतं. लायसन्स काढताना कोणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला आणि तुम्ही नागरिक नसताना त्यावर सही केली तर पुढे नागरिकत्व तर लांबच, देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. तसंच एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असलेल्यांनी कुठल्याही निवडणुकीला पैसे द्यायचे नाहीत, अगदी गावच्या स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, सुद्धा नाही. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात. पैसे न घेता स्वयंसेवक म्हणून काम मात्र व्हिसावरची माणसंही करू शकतात, आणि शिकायला त्यापेक्षा चांगली जागा नाही.

आणि केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, मेरीलँड-व्हर्जिनियाकडे आपले बरेच लोक असतात, तर हॅच अ‍ॅक्ट नावाचा कायदा आडवा येतो. पक्षाच्या चिन्हावरच्या निवडणुकीला तुम्हाला उभं राहता येत नाही, नोकरी सोडावी लागते. स्कूल बोर्डासारख्या पक्षविरहित निवडणुकांना सहसा चालतं, तरी ऑफिसातल्या एथिक्सवाल्यांना आधी विचारून घ्या.

पोटापाण्याचं गणित

इथे आपल्याकडची आमदारकी डोळ्यापुढे ठेवू नका. न्यू हॅम्पशरच्या हाउसमध्ये ४०० सदस्य आहेत आणि पगार वर्षाला १०० डॉलर, १८८९ पासून तेवढाच. टेक्सास एवढं अवाढव्य राज्य, तिथे महिन्याला ६०० डॉलर, वर अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता. आयोवात बरीच वर्षं वर्षाला २५,००० डॉलर होते. मिशिगनमध्ये ७०,००० च्या वर, आणि न्यूयॉर्कला २०२३ पासून १,४२,०००. म्हणजे एकाच पदाचं नाव, पण एका राज्यात ती पूर्ण वेळची नोकरी आणि दुसऱ्या राज्यात जवळजवळ समाजसेवा.

वेळाचंही तसंच. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम सालात, जास्तीत जास्त १४० दिवस. मेरीलँडचं दर वर्षी जानेवारीत सुरू होतं आणि ९० दिवसांत संपतं. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन इथे काम जवळपास वर्षभर चालतं. त्यामुळे पहिला प्रश्न तुमच्या बॉसला विचारायचा, जानेवारी ते एप्रिल मी राजधानीत असलो तर चालेल का? सॉफ्टवेअरमध्ये किंवा हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याला हे जमवणं अवघड जातं, म्हणूनच विधिमंडळात वकील, शेतकरी, रिटायर झालेले, स्वतःचा धंदा असलेले जास्त दिसतात. बर्वे स्वतः पर्यावरण क्षेत्रातल्या एका कंपनीत पैशाचे हिशोब सांभाळायचे आणि सोबत डेलिगेट होते. घरात दोन पगार असतील तर एक पगार चार महिने ढिला पडला तर हप्ता कसा भरणार हे नवराबायकोने कागदावर मांडा आणि मगच पुढे जा. आणि हेल्थ इन्शुरन्स! तो राज्याकडून मिळतो की नाही हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे, विसरू नका.

सुरुवात गावातून करा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि लोक हीच गाळतात.

दांडेकरांनी थेट विधिमंडळाला हात घातला नव्हता. आयोवात मॅरियन गावाच्या भागात लिन-मार नावाचा शाळांचा जिल्हा आहे, त्याच्या स्कूल बोर्डावर त्या १९९६ मध्ये निवडून आल्या. सहा वर्षं शाळांची बजेटं, बसचे मार्ग, शिक्षकांचे करार, चिडलेले पालक, हे सगळं केल्यावर २००२ मध्ये त्या हाउसला उभ्या राहिल्या तेव्हा भागातल्या लोकांना त्यांचं काम माहीत होतं. त्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराने एका ईमेलमध्ये त्यांच्या भारतात वाढण्यावरून शंका घेतली होती, त्याची देशभर बातमी झाली, आणि तरी लोकांनी दांडेकरांनाच निवडलं. परकं नाव असलेल्या माणसाला हे असं संरक्षण फक्त आधी केलेलं काम देतं, ऐन वेळी छापलेलं पत्रक देत नाही.

ठाणेदारांनी उलट केलं. २०१८ मध्ये थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदाची, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या पदाची, डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली, स्वतःच्या खिशातले कोटीभर डॉलर घातले आणि तिसरे आले. ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. मग दोन वर्षांनी डेट्रॉइटमधल्या एका हाउसच्या जागेवर आले आणि ती जिंकली, २०२२ मध्ये गर्दीची प्रायमरी जिंकून पुढे काँग्रेसला गेले. तेवढा पैसा असणारी माणसं किती असतात? बाकीच्यांनी स्कूल बोर्ड, सिटी कौन्सिल, लायब्ररी बोर्ड, प्लॅनिंग कमिशन यातलं काहीतरी धरा. कमिशनवर तर बहुतेक वेळा नेमणूक असते, अर्ज करणारेच कमी असतात. सोबत पक्षाच्या काउंटी (जिल्हा) मीटिंगला जायला लागा, प्रिसिंक्टचं, म्हणजे एका मतदान केंद्राच्या भागाचं, काम मागून घ्या. पहिले काही महिने खुर्च्या मांडायच्या आणि ऐकायचं. डेमोक्रॅट बाजूला इमर्ज महिला उमेदवारांना तयार करते, रन फॉर समथिंग तरुणांना मदत करते, रिपब्लिकन बाजूला गोपॅक आहे. त्यांचे वर्ग करून घ्या.

जागा निवडताना

मतदारसंघ केवढा आहे ते बघा. न्यू हॅम्पशरमध्ये एका सदस्यामागे साडेतीन हजारांच्या आत लोक, तिथे एक माणूस एका उन्हाळ्यात सगळी दारं ठोठावू शकतो. कॅलिफोर्नियाच्या स्टेट सिनेटमध्ये फक्त ४० जागा आणि एकेका जागेमागे दहा लाखांच्या आसपास लोक, म्हणजे वॉशिंग्टनच्या काँग्रेसच्या मतदारसंघापेक्षाही मोठा. तिथे दारोदारी फिरून भागत नाही, टपाल आणि जाहिरातीला पैसा लागतोच. मेरीलँडमध्ये बर्वेंच्या १७ नंबरच्या डिस्ट्रिक्टमधून एकाच वेळी तीन डेलिगेट निवडले जातात, त्यामुळे तिथे बाकी उमेदवारांशी जुळवून पॅनेलसारखं लढणंही चालतं.

दुसरं म्हणजे सध्याचा सदस्य परत उभा राहतोय का. बसलेल्या माणसाला हरवणं खूप कठीण असतं, रिकाम्या जागेची वाट बघणं शहाणपणाचं. काही राज्यांत टर्म लिमिट असतं त्यामुळे जागा कधी रिकामी होणार ते आधीच कळतं, कॅलिफोर्निया आणि मिशिगनमध्ये आता दोन्ही सभागृहं मिळून १२ वर्षांची मर्यादा आहे. तिसरं, दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा बदलतात, तुमचं घर अचानक भलत्याच मतदारसंघात जाऊ शकतं, तेव्हा २०३० च्या जनगणनेनंतर काय होईल याकडे आतापासून लक्ष ठेवलेलं बरं.

बहुतेक जागा एकाच पक्षाच्या पक्क्या असतात, म्हणजे खरी लढत नोव्हेंबरची नसून प्रायमरीची. टेक्सासची प्रायमरी मार्चमध्ये, आयोवाची जूनमध्ये, मिशिगनची ऑगस्टमध्ये. मतदान करणारे थोडे, पण पक्के.

अर्ज, सह्या, खातं

अर्जाची फी न्यू हॅम्पशरमध्ये २ डॉलर. खरंच दोनच. मिशिगनमध्ये १०० डॉलर किंवा सह्या. टेक्सासच्या हाउसला ७५० डॉलर किंवा ५०० सह्या. न्यूयॉर्कच्या असेंब्लीला पक्षाच्या ५०० मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. सह्यांचा प्रकार हलक्यात घेऊ नका. सही करणारा त्याच मतदारसंघाचा नोंदलेला मतदार हवा, पत्ता नोंदणीतल्यासारखा हवा, जिथे पक्षाची अट आहे तिथे त्याच पक्षाचा हवा, आणि सही गोळा करणाऱ्याने खाली तारीख-सही बरोबर केलेली हवी. १९९६ मध्ये शिकागोत बराक ओबामा इलिनॉयच्या सिनेटला पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्या माणसांनी प्रतिस्पर्ध्यांच्या सह्या तपासून आव्हान दिलं आणि प्रायमरीतले बाकी सगळे उमेदवार बाद झाले. म्हणून लागतात त्याच्या दुप्पट सह्या आणा आणि मतदार यादीशी एकेक ताडून बघा.

पहिला डॉलर घ्यायच्या आधी कॅम्पेन कमिटी नोंदवा, खजिनदार नेमा, बँकेत वेगळं खातं काढा. खजिनदार असा निवडा जो पावत्या जपतो, जवळचा मित्र असणं पुरेसं नाही. देणगीची मर्यादा राज्यागणिक बदलते, व्हर्जिनियात मर्यादाच नाही. देणाऱ्याचं नाव, पत्ता, नोकरी लिहून घ्यावी लागते आणि ठरलेल्या तारखेला रिपोर्ट भरावा लागतो, उशीर झाला की दंड. गणपतीत वर्गणीचा डबा फिरवतो तसे रोख पैसे गोळा करायचे नाहीत, एवढं मंडळातल्या उत्साही मंडळींना आधीच समजावून सांगा.

दारावरचं काम

मी अशा प्रचारात स्वयंसेवक म्हणून फिरलोय त्यामुळे यावर जरा जास्त लिहितो. पक्षाकडे मतदारांची यादी असते, डेमोक्रॅट मंडळी व्हॅन नावाची सिस्टिम वापरतात आणि फोनवर मिनीव्हॅन अ‍ॅप. त्यातून रस्त्यावरची सगळी घरं घ्यायची नसतात, गेल्या दोन-तीन प्रायमरीत ज्यांनी मतदान केलं तीच घरं काढायची. एका रस्त्यावर तीस घरं असली तरी तुमची आठच असतील, बाकीची सोडून पुढे चालायचं, हे सुरुवातीला जिवावर येतं पण वेळ तेवढाच असतो.

बेल वाजवली की दोन पावलं मागे सरकून उभं राहा, उघडणाऱ्याला दडपण येत नाही. दारावर कॅमेरा असतोच, त्यामुळे बेल वाजवल्यावर सोबतच्या माणसाशी काहीबाही बोलू नका. नाव सांगा, कशासाठी उभे आहात ते एका वाक्यात सांगा आणि लगेच विचारा की तुमच्या भागात सगळ्यात जास्त काय खटकतंय. मग गप्प बसा. लोक रस्त्याचं सांगतील, मालमत्ता कराचं सांगतील, आईच्या नर्सिंग होमचं सांगतील. ऐकलेलं अ‍ॅपमध्ये तिथेच टाका आणि पाठिंबा एक ते पाच आकड्यात नोंदवा, एक म्हणजे नक्की आपला, पाच म्हणजे नक्की नाही. शेवटच्या आठवड्यात एक आणि दोनवाल्यांनाच मतदानाची आठवण करायला परत जायचं असतं, आकडे खोटे टाकले तर तुमच्याच मेहनतीचं पाणी होतं. घरी कोणी नसेल तर पत्रकावर हाताने दोन शब्द लिहून दाराच्या मुठीला अडकवा. मेलबॉक्समध्ये टाकू नका, तिकीट न लावलेला कागद त्यात टाकणं केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे आणि नवीन स्वयंसेवकाला हे कोणीतरी आठवणीने सांगावं लागतं.

एका दाराने काय फरक पडतो असं वाटलं तर व्हर्जिनियाचा ९४ वा मतदारसंघ आठवा. २०१७ मध्ये डेव्हिड यान्सी आणि शेली सायमंड्स दोघांना ११,६०८ मतं पडली. बरोब्बर सारखी. ४ जानेवारी २०१८ ला वाडग्यातून चिठ्ठी काढली, यान्सींचं नाव आलं आणि त्यामुळे रिपब्लिकन पक्षाकडे ५१-४९ असं बहुमत राहिलं. संपूर्ण सभागृह एका चिठ्ठीवर! सायमंड्स २०१९ मध्ये परत उभ्या राहिल्या आणि जिंकल्या.

निवडून आल्यावरची पहिली दोन वर्षं

बहुतेक राज्यांत खालच्या सभागृहाची मुदत दोन वर्षांची असते, वरच्याची चार. मेरीलँडमध्ये डेलिगेटलाही चार मिळतात. दोन वर्षं म्हणजे शपथ घेऊन जरा बसताय तोवर पुढची निवडणूक आली.

केबिन, पीए, गाडी असलं काही मनात धरून जाऊ नका. आयोवात सदस्यांना स्वतःचं ऑफिस नसतं, सभागृहातलं टेबल हेच ऑफिस, आणि अधिवेशनापुरता एक क्लार्क. लोकांचे फोन-ईमेल तुम्हीच बघायचे. कोणाचा बेकारी भत्ता अडकलाय, कोणाचं नर्सिंग लायसन्स, कोणाच्या रस्त्यावर सिग्नल हवाय. ही कामं मनापासून करा, पुढची निवडणूक यावरच जिंकली जाते.

बिल कसं चालतं ते थोडक्यात. कल्पना तुमची, कायद्याची भाषा मात्र विधिमंडळाच्या पक्षनिरपेक्ष कार्यालयातले वकील लिहून देतात. मग सह-प्रायोजक गोळा करायचे, शक्यतो दुसऱ्या पक्षातला एक तरी. मग बिल कमिटीकडे जातं आणि बहुतेक बिलं तिथेच मरतात. आयोवात आधी तीन जणांच्या सबकमिटीत, मग कमिटीत, आणि त्याला तारीख असते, तिला तिकडे फनल म्हणतात. फनलच्या दिवसापर्यंत कमिटीतून बाहेर पडलं नाही की बहुतेक बिलांचा त्या वर्षाचा खेळ खलास. त्या आठवड्यात कमिटीच्या अध्यक्षाने तुमचं बिल अजेंड्यावर घेतलं नाही तर सभागृहात कितीही छान बोललात तरी उपयोग नाही. मेरीलँडमध्ये जवळपास प्रत्येक बिलाला सुनावणी मिळते, पण ९० दिवसांत दोन हजारांच्या वर बिलं असतात त्यामुळे तुमच्या साक्षीदाराला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा सगळ्यात चांगला माणूस आधी बोलवा. पहिल्या वर्षी दोन-तीनच बिलं घ्या, आणि एक विषय असा धरा की त्यावर बाकीचे सदस्य तुम्हाला विचारायला येतील.

लॉबीइस्ट, म्हणजे कंपन्या-संघटनांची बाजू मांडणारे पगारी लोक, पहिल्या दिवसापासून भेटायला लागतात. ते सगळे वाईट नसतात, बऱ्याचदा बिलातली चूक तेच आधी दाखवतात, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूच्या माणसालाही बोलवून ऐका. भेटवस्तूंचे नियम वाचून ठेवा, आयोवात दिवसाला तीन डॉलरच्या वरची भेट चालत नाही, म्हणजे जेवण दूरच, धड कॉफीसुद्धा बसत नाही.

वर जायचं की तिथेच मुरायचं

वर जाण्याचे मार्ग सगळ्यांना माहीत असतात, स्टेट सिनेट, काँग्रेस, गव्हर्नर. पण वरची जागा एक आणि इच्छुक पन्नास. बर्वे २०१६ मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत उतरले आणि हरले, तीच जागा घेऊन जेमी रास्किन पुढे गेले, जे तेव्हा मेरीलँडच्याच सिनेटमध्ये होते. ओबामासुद्धा २००० साली काँग्रेसची प्रायमरी हरले होते, तेव्हा हरलात तरी ते शेवट नसतं, स्टेट सीट न सोडता लढता आलं तर उत्तम.

मला स्वतःला बर्वेंचा रस्ता जास्त मोलाचा वाटतो. बरीच वर्षं ते हाउसमध्ये मेजॉरिटी लीडर, म्हणजे बहुमतातल्या पक्षाचे नेते, होते, २०१५ पासून पर्यावरण आणि वाहतूक कमिटीचे अध्यक्ष. काँग्रेसमधला नवा सदस्य ४३५ जणांत एक असतो, राज्यातला मुरलेला कमिटी अध्यक्ष हवा-पाण्याच्या कायद्यातली ओळ न ओळ हलवू शकतो. २०२३ मध्ये त्यांची मेरीलँडच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे वीज-गॅसचे दर ठरवणाऱ्या मंडळावर, नेमणूक झाली. दांडेकरसुद्धा याच वाटेने गेल्या. हाउसमध्ये तीन टर्म, मग सिनेट, आणि २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी या डेमोक्रॅट सिनेटरला आयोवाच्या युटिलिटीज बोर्डावर, म्हणजे तिथल्या तशाच मंडळावर, नेमलं. पुढे २०१४ मध्ये काँग्रेसची प्रायमरी त्या हरल्या, आणि ओबामांच्या काळात आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक झाल्या.

सोडताना

मध्येच राजीनामा देणार असाल तर सभागृहातलं संख्याबळ आधी मोजा. दांडेकरांनी जागा सोडली तेव्हा आयोवाच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४ होते, त्यामुळे नोव्हेंबर २०११ ची एका मतदारसंघातली पोटनिवडणूक अख्ख्या राज्याची लढाई झाली. डेमोक्रॅट लिझ मॅथिस जिंकल्या म्हणून बहुमत राहिलं. काही राज्यांत पोटनिवडणूक नसते, नेमणुकीने जागा भरतात, तुमच्या राज्यात काय आहे ते सोडायच्या आधी पक्षाच्या लोकांशी बोलून घ्या.

लगेच लॉबीइस्ट व्हायचं डोक्यात असेल तर बऱ्याच राज्यांत एक-दोन वर्षं थांबावं लागतं, आयोवात दोन. आणि कॅम्पेनच्या खात्यात उरलेले पैसे तुमचे नसतात. ते घरखर्चाला वापरता येत नाहीत, देणगीदारांना परत करा, धर्मादाय संस्थेला किंवा पक्षाला द्या, राज्याचे नियम सांगतील तसं. मग खजिनदाराकडून शेवटचा रिपोर्ट भरून घ्या, खातं बंद करा, कमिटी बंद केल्याचा फॉर्म पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा, कारण फॉर्म राहिला तर रिपोर्ट न भरल्याच्या दंडाची पत्रं पुढची कित्येक वर्षं घरी येत राहतात.